सरनाईकचा कंगवा

सगळे आपापल्या आवडत्या माणसांवर लिहितात. कुणाचे मास्तर छडी मारायचे पण जीव लावायचे, कुणाच्या शेजारच्या काकू तोंडाने फटकळ पण मनाने लोणी. माझ्या वाट्याला अजय सरनाईक आला. तोंडाने फटकळ आणि मनानेही फटकळच. उगाच आत डोकावून काही गोड सापडतंय का बघायला जाऊ नका. मी जाऊन आले आहे, तिथे काही नाही.

माझा नवरा फौजेत. त्याची बदली चंडीगढजवळच्या चंडीमंदिरला झाली आणि आम्ही आमची बदलीच्या सामानाची काळी खोकी घेऊन तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. फौजी बायकांना बदलीच्या गावात मनासारखं काम मिळणं कठीणच. शाळेत शिकवा नाहीतर घरी केक करा. पण लग्नाआधी मी पुण्यात ॲनिमेशन शिकले होते, आणि मोहालीत एक स्टुडिओ होता, मोठ्या पडद्यासाठी ॲनिमेशनचे सिनेमे करणारा. तिथे मला लाइटिंगचं काम मिळालं. म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या माणसांवर ऊन पाडायचं, सावल्या द्यायच्या, संध्याकाळ करायची. मुलाखत सरनाईकनेच घेतली.

"मनीषा जाधव? अरे वा, मराठी! बसा जी. तू कुठली?"

"साताऱ्याची."

"पक्का? मस्त यार!"

'बसा जी' आणि लगेच 'तू'. परक्या गावात मराठी कानावर पडली की आपण कसे लगेच पाघळतो. मीही पाघळले. म्हटलं, चला, दिवसभर कुणाशी तरी आपल्या भाषेत बोलता येईल. पुढच्याच वाक्याला त्याने मला जमिनीवर आणलं.

"मिस्टरांचं टेन्युअर किती राहिलंय? दोन वर्षं? म्हणजे आम्ही शिकवायचं, आणि ऐन वेळी तुम्ही ट्रक बोलावून सामान भरणार."

त्या दिवसापासून मी टेन्युअरवाली. माझं नाव मनीषा आहे हे त्याने नंतर कधी मनावर घेतलं नाही.

त्याचे वडील मूळचे सावंतवाडीकडचे. चंडीगढच्या सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचे. सरनाईक इथेच जन्मला, इथेच वाढला. घरात आईची मराठी, गल्लीत पंजाबी, शाळेत हिंदी. तिन्ही भाषा त्याला येत होत्या आणि तिन्हींची त्याने कामं वाटून दिली होती. हुकूम हिंदीत. वरच्या लोकांशी गोड बोलायचं ते पंजाबीत. आणि मराठी? मराठी त्याने अपमानासाठी राखून ठेवली होती. मी येईपर्यंत बिचाऱ्याची फार कुचंबणा झाली असणार, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. मी आल्यावर त्याला श्रोता मिळाला. समोर माणूस बसवायचा, त्याच्या संगणकाच्या पडद्याकडे बघत हसायचं, आणि मला मराठीत सांगायचं, "याला डोकं नाही यार, नुसती पगडी आहे."

समोरचा माणूसही बिचारा हसायचा. त्याला वाटायचं, सर खुशीत आहेत.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझी भाषा, माझ्या आईची भाषा, आणि हा मेला तिचा असा उपयोग करतो! मी मुद्दाम हिंदीत उत्तर द्यायला लागले. "जी सर, काम तो अच्छा है इसका." मग तो आणखी हसायचा. "मराठीत बोल की टेन्युअरवाली, लाजतेस काय?"

आता त्याच्या कंगव्याबद्दल सांगते. पँटच्या मागच्या खिशात काळा, प्लॅस्टिकचा, बारीक दातांचा कंगवा. केस दाट होते हे मान्य करते. पन्नाशीला आलेला माणूस, पण केस कॉलेजातल्या पोरासारखे, जेल लावून मागे वळवलेले. दिवसातून कितीदा तरी तो कंगवा बाहेर यायचा. कुणाचाही पडदा काळा दिसला की त्यात बघून दोन फटके, खर्रर्र, खर्रर्र, आणि शेवटी कंगव्याच्या दातांवरून अंगठ्याचं नख फिरवायचा. टिर्रर्र. हे त्याचं ठरलेलं होतं. दोन खर्रर्र आणि एक टिर्रर्र. पाठमोरं बसलेलं असलं तरी तो आवाज आला की सगळ्यांचे खांदे आक्रसायचे. सरनाईक मागे उभा आहे.

मग गाडीची किल्ली पडद्यावर टकटक वाजवायची आणि त्याचं ब्रह्मवाक्य यायचं.

"दिसतंय का? नाही ना? मग उडव."

यातला 'उडव' तो सगळ्यांना मराठीतच ऐकवायचा. हिंदी वाक्यातसुद्धा. 'ये पीछे वाली दीवार दिख रही है? नहीं ना? तो उडव.' आमच्यातल्या मंजोतने एकदा मला चहाच्या वेळी विचारलं होतं, "मैडम, ये 'उडव' क्या होता है?" मी म्हटलं, "डिलीट." त्याने मान हलवली. "और 'डोकं'?" मी चहा सांडल्याचं निमित्त करून उठले.

खोटं कशाला बोलू, सरनाईकला काम येत होतं. तेच तर जास्त लागायचं. नालायक असता तर सोडून दिलं असतं. त्याचं काम होतं सिनेमा वेळेत बाहेर काढणं. आमच्या धंद्यात सगळं तयार झालं, माणसं उभी राहिली, ऊन पडलं, तरी सिनेमा होत नाही. मग मशीन एकेक चित्र रंगवायला बसतं, त्याला रेंडर म्हणतात. एका सेकंदाला अशी दोन डझन चित्रं लागतात. भिंत, ट्रक, आभाळ हे मशीन पटापट उरकतं. पण केस आले की ते बसकण मारतं. कारण माणसाच्या डोक्यावर केस हजारोंनी, प्रत्येकावर ऊन वेगळं पडणार, एकाची सावली दुसऱ्यावर, आणि केसातून उजेड आरपारही जाणार. एक चित्र व्हायला जेवणाची सुट्टी कमी पडते. त्यावर सरनाईककडे युक्त्या होत्या. माणूस लांब उभा असेल तर दाढीचे निम्मे केस काढायचे आणि उरलेले थोडे जाड करायचे, कुणाला कळत नाही. मानेमागे, कानामागे, कॅमेऱ्याला न दिसणारं सगळं विरळ करायचं. तो हे करायचा तेव्हा त्याचे हात खरंच बघण्यासारखे चालायचे. माझ्या उन्हाचीही तो वाट लावायचा, पण शेवटी चित्र ठीक दिसायचं आणि मी गप्प बसायचे.

त्याचं हे तत्त्व ऑफिसपुरतं नव्हतं. मराठी मंडळाच्या गणपतीला एका वर्षी त्याने आरास अंगावर घेतली. फुलांची कमान, मागे किल्ल्याचा देखावा, समोरून इतकं सुरेख की सेक्टरातली पंजाबी मंडळीही फोटो काढायला आली. आरती झाली आणि बायका प्रदक्षिणेला निघाल्या. मागच्या बाजूला गेल्या तर काय! फ्रिजचे खोके फाडून उभे केलेले, त्यावर 'ही बाजू वर' असा बाण, आणि सगळीकडे खाकी चिकटपट्ट्या. देवाच्या पाठीशी फ्रिजचं खोकं! अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अहो सरनाईक, हे काय?" तर हा कंगवा फिरवत म्हणतो, "फोटोत मागची बाजू कुठे येते काकू?" फोटोत खरंच आली नाही. फोटो छान आले, हेही सांगून टाकते.

आणि मग तो सिनेमा आला, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

एक म्हातारा शीख ट्रकवाला आणि त्याची नात, एवढीच गोष्ट. सगळा सिनेमाभर म्हाताऱ्याच्या डोक्यावर पगडी. फक्त एका ठिकाणी, हिवाळ्याच्या सकाळी, तो गच्चीवर पगडी उतरवून केस मोकळे करतो, कंगव्याने विंचरतो. पांढरे, लांबसडक केस, कमरेपर्यंत. नात जिन्यातून बघते आणि तिला पहिल्यांदा कळतं की आजोबा म्हातारे झालेत. तिथे संवाद नाही, काही नाही. आमच्या डायरेक्टर मॅडम म्हणायच्या, मी हा सिनेमा या एका प्रसंगासाठी करतेय.

म्हाताऱ्याचे केस करायचं काम मंजोतकडे होतं. मंजोत सिंग, मोहालीचाच, अबोल, कामात बुडालेला. त्याचे आजोबा नुकतेच वारले होते. घरच्या जुन्या फोटोंवरून, आठवणीवरून त्याने ते केस केले. कितीतरी महिने तेच करत होता. कपाळाजवळचे पिवळसर पांढरे, मधले रुपेरी, टोकाशी विरळ होत गेलेले. मी त्यावर कोवळं ऊन टाकलं आणि हातातलं काम सोडून बघतच बसले. मंजोत नुसता म्हणाला, "ऐसे ही थे." तो प्रसंग पडद्यावर जावा, आईने तो बघावा, एवढीच त्याची इच्छा होती. तो पुन्हापुन्हा तेच सांगायचा. "मम्मी को दिखाना है."

काम पुढे सरकलं आणि रेंडर अडकलं. गच्चीच्या प्रसंगाची पाळी शेवटी होती, पण साधे पगडीवाले प्रसंगही रखडायला लागले. म्हातारा नुसता ट्रकच्या काचेतून दिसला तरी मशीन तासन्‌तास बसून राहायचं. कुणाला कारण सापडेना. सरनाईकने एकदा बैठक मारली आणि म्हाताऱ्याचा एकेक भाग सुटा करून बघितला. दाढी काढली, स्वेटर काढला, शेवटी पगडी काढली.

पगडीखाली जुडा होता. कमरेएवढे सगळे केस, एकही कमी नाही, नीट पिळून, डोक्यावर बांधलेले. आत छोटा लाकडी कंगवासुद्धा खोचलेला. सिनेमातल्या प्रत्येक चित्रात ते सगळे केस पगडीच्या आत होते. ते दिसोत न दिसोत, मशीनला आधी प्रत्येक केस उचलून घ्यावा लागत होता, मग कळत होतं की हा आत आहे.

सरनाईक हसायला लागला. त्याने सगळ्यांना बोलावलं. किल्ली टकटक वाजवली.

"ये किसने किया?"

"मैंने, सर," मंजोत म्हणाला.

"क्यों? पगडी के नीचे कौन देखने वाला है?"

मंजोतला तो प्रश्नच कळला नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "सर, बाबाजी के केश हैं. नीचे ख़ाली कैसे छोड़ दूँ?"

चूक होतीच. दुसऱ्या कुठल्याही गावात, दुसऱ्या कुठल्याही माणसाने पगडीखाली टक्कल ठेवून दिलं असतं आणि विषय मिटला असता. मंजोतला ते सुचलंच नाही. आणि या चुकीवर इलाजही सोपा होता. केस नुसते झाकून ठेवायचे. एक खूण काढली की मशीन ते उचलतच नाही, फाइलमध्ये मात्र केस जसेच्या तसे राहतात. वेळ तेवढाच वाचतो. हे सरनाईकला माहीत होतं, मला माहीत होतं, तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

"उडव," सरनाईक मंजोतला म्हणाला.

"हाइड कर देता हूँ, सर."

"मैंने हाइड बोला?"

"सर, पता है कंप्यूटर है," मंजोत हळू म्हणाला. "पर बनाए तो मैंने हैं. मुझसे नहीं कटेंगे. और सर, वो छत वाला सीन..."

"छत वाला सीन आएगा तब देखेंगे. हट."

मला राहवलं नाही. मी मराठीतच म्हटलं, कितीतरी दिवसांनी, म्हणजे बाकीच्यांसमोर त्याची अब्रू तरी राहील. "सर, झाका ना नुसते. उडवता कशाला? त्याच्या आजोबांचे आहेत ते."

"टेन्युअरवाली, तू ऊन बघ," तो म्हणाला. "झाकलेलं उद्या कोणीतरी उघडतं. माझं काम कायमचं असतं." आणि मंजोतच्या खुर्चीत बसून, मंजोतच्या मशीनवर, मंजोत शेजारी उभा असताना त्याने ते केस उडवले. मग उठला आणि पडदा काळा झाल्यावर त्यात बघून स्वतःचे विंचरले. खर्रर्र, खर्रर्र, टिर्रर्र.

काय दुष्ट माणूस! मला अजून आठवलं की हात शिवशिवतात.

मंजोतने गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला, खुर्ची आत सरकवली, सगळ्यांना सत श्री अकाल म्हणाला आणि गेला. तो परत आला नाही. मी घरी येऊन नवऱ्यासमोर आदळआपट केली. तो म्हणाला, "सोड तू पण नोकरी." मी म्हटलं, "मी का सोडू? मी तिथे बसून त्याच्या डोळ्यात सलणार आहे." आणि खरंच बसले.

गच्चीच्या प्रसंगाची पाळी आली आणि केस शोधायला लागले तेव्हा ते कुठेच नव्हते. मंजोतने गच्चीसाठी वेगळे केस केलेच नव्हते. एकाच म्हाताऱ्याला दोन डोकी कशाला, हा त्याचा सरळ हिशेब. पगडीखाली बांधलेले तेच गच्चीवर सोडायचे होते. तेच सांगत होता तो, 'छत वाला सीन' म्हणून. आणि जुन्या प्रती सरनाईक दर शनिवारी स्वतःच्या हाताने साफ करायचा, जागा अडते म्हणून. त्या शनिवारीही केल्या होत्या.

डायरेक्टर मॅडमनी बैठकीत विचारलं तर या गृहस्थाचं उत्तर ऐका. "मंजोत ने बैकअप नहीं रखा."

"सर ने डिलीट किए," मी म्हटलं. "सबके सामने. मैंने मना किया था."

सरनाईकने माझ्याकडे बघितलं आणि मॅडमकडे वळून हसला. "आर्मी वाइफ हैं जी, सीधा फायर करती हैं." पण त्याचा चेहरा पडला होता. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, केस परत आणा, कसेही आणा.

दुसऱ्या माणसाकडून केस करून घेतले. शेवयांसारखे दिसत होते. दाट केले की मशीन बसकण मारायचं, विरळ केले की म्हातारा आजारी दिसायचा. सरनाईकच्या सगळ्या युक्त्या तिथे संपल्या. त्या प्रसंगात कॅमेरा केसांच्या अगदी जवळ होता, उडवण्यासारखं न दिसणारं काही नव्हतंच. शेवटी एका रविवारी तो मला म्हणाला, "मनीषाजी, चल. मंजोतकडे." काम पडलं की माझं नाव त्याला बरोबर आठवलं बघा.

मी गेले, कारण मला वाटलं, हा आता माफी मागणार. मला ते बघायचं होतं.

मंजोतच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं, वर जा म्हणाल्या. डिसेंबरचं ऊन होतं. मंजोत केस धुऊन गच्चीवर पाठमोरा बसला होता. काळेभोर ओले केस पाठभर पसरलेले, हातात लाकडी कंगवा. त्याने वळून बघितलं आणि उठला.

"कैसा है मंजोत?" सरनाईक म्हणाला. बास, एवढंच. मी वाट बघतेय, आता बोलेल, आता बोलेल. त्याने खिशातून फोन काढला. "हिलना मत. धूप अच्छी है. रेफरेंस ले लेता हूँ." आणि तो मंजोतच्या केसांचं चित्रीकरण करायला लागला. अहो, खरंच! मला तर जमीन दुभंगून आत जावं असं झालं.

मंजोतने खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला. आवाजही चढवला नाही. "सर, चाय पीके जाना," म्हणाला, गच्चीवरच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आतून कंगव्याचा आवाज येत राहिला, सावकाश, मऊ. लाकडाचा तो.

मी म्हटलं, "झालं समाधान? चला आता."

पण सरनाईक हलेना. बंद दाराकडे बघत उभा. मला क्षणभर वाटलं, याला लागलं कुठेतरी. सांगितलं ना, मी आत डोकावून आले आहे. तर जिना उतरताना तो खुशीत माझ्या कानाशी म्हणतो, "दिसतंय का? नाही ना? मग झालं की!"

सिनेमात त्याने नेमकं तेच केलं. गच्चीऐवजी खोली. नात जिन्यातून वर येते, दार बंद आहे. फटीतून सकाळचं ऊन, जे मीच टाकलं, आणि आतून कंगव्याचा आवाज. नात दाराला हात लावते, पण उघडत नाही. एकही केस नाही. मशीनने तो सगळा प्रसंग जेवणाच्या सुट्टीत रंगवून टाकला. डायरेक्टर मॅडम आधी चिडल्या, मग दोनदा बघितलं, मग डोळे पुसले. आवाज ध्वनिमुद्रित करताना लाकडी कंगवा कुणी आणला नव्हता. सरनाईकने मागच्या खिशात हात घातला. माइकपुढे त्याने स्वतःचेच केस विंचरले. मी तिथे होते.

पहिला खेळ चंडीगढला ठेवला, सगळ्यांच्या घरच्यांसाठी. मंजोतला मी बोलावलं होतं, आईला घेऊन. त्याला फोनवर सांगितलं, "उसमें केश नहीं हैं, मंजोत." तो म्हणाला, "मम्मी को फिर भी दिखाना है, मैडम."

पडद्यावर ते बंद दार आलं. थिएटरात चिडीचूप. नात दाराला हात लावते तेव्हा माझ्या मागच्या रांगेतून हुंदके यायला लागले. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "कितना सुंदर सोचा है ना, दिखाया ही नहीं!" मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो बाई, दाखवलं नाही कारण त्याने ते मारून टाकलं. त्या दारामागे फ्रिजचं खोकंसुद्धा नाही. तेवढ्यात आतून आवाज आला. खर्रर्र, खर्रर्र. आणि शेवटी, बारीकसा, टिर्रर्र. तो त्याने ध्वनिमुद्रणात तसाच राहू दिला होता, सवयीने. मी मंजोतकडे बघितलं. त्याचे खांदे आक्रसले होते.

सिनेमा संपल्यावर डायरेक्टर मॅडमनी सरनाईकला पुढे बोलावलं आणि दाराची कल्पना याची म्हणून सांगितलं. टाळ्याच टाळ्या. त्याने मान लववून घेतल्या. मंजोतचं नाव कुणी काढलं नाही. बाहेर जिन्याच्या तोंडाशी लोक त्याच्याभोवती गोळा झाले, आणि त्यातून वाट काढत मंजोतची आई त्याच्यापाशी पोचली. रडून डोळे लाल. त्यांना पगडीखालच्या केसांचं काही माहीत नव्हतं. मंजोतने घरी सांगितलंच नव्हतं.

"पिताजी दी याद आ गई," त्या म्हणाल्या. "जिउंदा रह पुत्त." आणि त्यांनी दोन्ही हातांनी सरनाईकचं डोकं धरून कुरवाळलं, आपण लेकराचं कुरवाळतो तसं. जेलने बसवलेले केस चहूकडे उभे राहिले.

त्याने वाकून आशीर्वाद घेतला, सरळ झाला, आणि हात आपोआप मागच्या खिशाकडे गेला.

मंजोत आईच्या मागेच उभा होता. त्याने सरनाईककडे बघितलं आणि स्वच्छ मराठीत, आईला कळू नये म्हणून मराठीत, म्हणाला, "काढा ना सर, कंगवा काढा. आवाज ओळखला मी."

अगं बाई! दीड वर्ष! दीड वर्ष तो पोरगा सगळं ऐकत आणि शिकत बसला होता. डोकं नाही, नुसती पगडी, ते सगळं. सरनाईकचं तोंड उघडं राहिलं. हिंदीत हुकूम सुटेना, पंजाबीत गोड बोलता येईना, आणि मराठी तर आता त्याची एकट्याची उरलीच नव्हती.

"क्या बोल रहा है?" आईने विचारलं.

"कुछ नहीं, मम्मी. सर की तारीफ़ कर रहा हूँ."

पुढच्याच महिन्यात आमची बदली झाली, ट्रक आला, सामान भरलं. सिनेमाबरोबर माझं तिथलं कामही संपलं होतं, त्यामुळे सरनाईकला मी शेवटचं बघितलं ते त्या जिन्याच्या तोंडाशीच. उजवा हात खिशात तसाच घातलेला, बाहेर काढायची हिंमत नाही. लोक हात मिळवायला पुढे येत होते आणि तो डावा हात पुढे करत होता. केस उभेच्या उभे. तसाच तो जिना उतरून गाडीकडे गेला. मला फार बरं वाटलं.